आजोबांच्या आजोबांचं नाव शोधायचंय? मग आधी गट नंबर शोधा

वंशावळ काढायची म्हटलं की बहुतेक जण आधी गुगलवर आडनाव टाकतात. मग कुठल्यातरी कुळाची पीडीएफ मिळते, कुलदैवताची माहिती मिळते, आपण मूळचे कुठून आलो याच्या दोन-चार कथा मिळतात आणि पणजोबांचं नाव मात्र कुठेच सापडत नाही. याचं कारण साधं आहे. आपल्याकडचं सरकारी दप्तर माणसाच्या नावाने लावलेलंच नाही. ते लावलंय गावाने, जमिनीच्या नंबराने, आणि ज्या ऑफिसने तो कागद तयार केला त्या ऑफिसच्या रजिस्टरच्या अनुक्रमाने. त्यामुळे नाव टाकून माणूस शोधायचा प्रयत्न केला की हाती काही लागत नाही आणि लोक म्हणतात आमचं रेकॉर्डच नाहीये. रेकॉर्ड बऱ्याचदा असतं, फक्त मागायचं कसं ते माहीत नसतं.

आता बरेच जुने कागद ऑनलाइन मागवता येतात. पण ऑर्डर करायच्या आधी हातात तीन गोष्टी हव्यात: गाव, जमिनीचा नंबर (गट किंवा सर्व्हे नंबर) आणि अंदाजे साल. या तीन नसतील तर वेबसाइट कितीही चांगली असो, तुम्ही नुसते पर्याय निवडत बसाल.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. महाभूलेख या सरकारी साइटवर बिनसहीचा सातबारा फुकट बघता येतो आणि तिथे गट नंबर माहीत नसेल तर नावाने किंवा आडनावाने पण शोधता येतं, अर्थात तिथे फक्त सध्याच्या खातेदारांची नावं येतात. स्वतःची जमीन विकली असेल तर भावकीतल्या कुणाची तरी शिल्लक असतेच, चुलत चुलत्याच्या सातबाऱ्यावरूनही काम होतं कारण मागे गेल्यावर सगळे एकाच नावावर येऊन थांबतात. डिजिटल सहीचा सातबारा हवा असेल तर १५ रुपये भरून डाउनलोड होतो, पण वंशावळीसाठी त्याची गरज नाही, बिनसहीचा पुरतो.

आता तो सातबारा नीट बघा. खातेदाराच्या नावासमोर कंसात एक आकडा असतो. जुन्या हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर तोच आकडा गोलात असायचा. आणि खाली 'जुने फेरफार क्रमांक' म्हणून आकड्यांची एक रांग असते. बहुतेक लोक या आकड्यांकडे बघतही नाहीत, पण वंशावळ काढणाऱ्यासाठी सातबाऱ्यावरचं सगळ्यात मोलाचं तेच आहे. प्रत्येक आकडा म्हणजे एक फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ च्या रजिस्टरमधली एक नोंद, आणि त्या नोंदीत लिहिलेलं असतं की हे नाव इथे का लागलं. वारसाने लागलं, खरेदीने लागलं, वाटपाने, बक्षिसाने, कुळकायद्याने की कोर्टाच्या हुकुमाने. एक फेरफार मागवला की त्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळतं, मग त्याचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो मागवायचा, असं मागे मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्क नोंदीचा कायदा १९०३ सालचा आहे आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, कोकण या भागात साधारण त्या सुमारापर्यंत फेरफाराच्या नंबरांवरून मागे जाता येतं. गावाचा फेरफार नंबर १ हातात आला की समजायचं, या वाटेचं टोक आलं.

हे जुने फेरफार आणि जुने सातबारे मागवायची जागा म्हणजे भूमी अभिलेख खात्याची 'आपले अभिलेख' ही साइट. आधी खातं उघडून लॉगिन करायचं, मग जिल्हा, तालुक्याचं ऑफिस, गाव, अभिलेखाचा प्रकार निवडायचा आणि सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा फेरफाराचा नंबर टाकायचा. शोध दाबला की त्या नंबराला जोडलेले कागद सालासकट दिसतात, हवे ते कार्टमध्ये टाकायचे, कार्ट एकदा तपासायचं, पुढे जायचं आणि मग डाउनलोडच्या यादीत फाइल 'उपलब्ध' दिसली की उघडायची. बस एवढंच आहे, भाजी ऑर्डर करण्यापेक्षा अवघड नाही. अडतं ते दुसरीकडेच.

पहिली अडचण नंबरांची. आज तुमच्या हातात जो गट नंबर आहे तो बऱ्याच गावात एकत्रीकरण योजनेनंतर आलाय, १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव ही योजना पुढच्या काही दशकांत राबवली गेली आणि जुने सर्व्हे नंबर, त्यांचे हिस्से मोडून नवे गट पडले. म्हणजे १९३० चा कागद गट नंबर टाकून कधीच मिळणार नाही, कारण १९३० साली तो गट नव्हताच. तेव्हा आधी गटाचा जुना सर्व्हे नंबर शोधा. तो एकत्रीकरणाच्या जबाबात (जुने-नवे नंबर दाखवणाऱ्या तक्त्यात) मिळतो किंवा गट पडल्यानंतर जो पहिला सातबारा लिहिला गेला त्यावर मिळतो, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तर जुने नंबर तोंडपाठ असतात, त्यांना जरूर विचारा. एका गटात दोन-तीन जुने नंबर गेलेले असू शकतात, ते सगळे मागवा.

दुसरी अडचण जिल्ह्यांची. तुमचं गाव आज ज्या जिल्ह्यात आहे त्यात ते तेव्हा असेलच असं नाही. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, जालना त्याच साली औरंगाबादेतून, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. रायगडच्या जुन्या कागदांवर कुलाबा लिहिलेलं असतं. बेळगाव, कारवारकडची मंडळी असतील तर १९५६ आधीचे त्यांचे कागद मुंबई राज्याचे म्हणून तयार झाले पण आज गावचं दप्तर कर्नाटकात आहे, तिथे मराठीसोबत कानडीही लागते. म्हणून नुसतं गावाचं नाव लिहून ठेवू नका, गाव, तालुका, पेटा (तालुक्याचा पोटविभाग), जिल्हा हे कुठल्या साली काय होतं ते एका कागदावर लिहा, पुढचा निम्मा वेळ वाचेल.

आणि एकाच राज्यात पण भागाप्रमाणे दप्तराची पद्धत वेगळी असते हे लक्षात ठेवा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथले १९४८ आधीचे महसुली कागद बरेच उर्दूत आहेत आणि सालं फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतली आहेत. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे फसली १३३८ म्हणजे १९२८-२९. तिथे हैदराबाद संस्थान गेल्यानंतरचं खासरा पत्रक हा फार कामाचा कागद आहे. पूर्व विदर्भात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा, तिथे अधिकार अभिलेख आणि बंदोबस्ताची मिसल (जमीन मोजणी-आकारणीची फाइल) मागायची. कोकणात खोती होती, म्हणजे गावाचा सारा खोत वसूल करायचा, ती १९४९ च्या कायद्याने गेली, त्यामुळे जमीन कसणाऱ्याचं नाव मालक म्हणून आधी दिसणारच नाही, ते कुळ म्हणून शोधावं लागेल. हे माहीत नसलं की लोक म्हणतात आमच्या आजोबांचं नावच नाही, अहो असतं, पण 'इतर अधिकार' या रकान्यात असतं.

आता एक वारस फेरफार कसा दिसतो ते बघू, कारण माझ्या मते वंशावळीसाठी याच्याइतका भारी कागद दुसरा नाही. समजा नोंद अशी आहे: 'वर्दीवरून, सर्व्हे नंबर अमुक हिस्सा तमुकचे कब्जेदार गणपती बिन रामजी हे दोन वर्षांपूर्वी मयत झाले. त्यांचे वारस १) मुलगा कृष्णा वय २५, २) मुलगा महादू वय १२ अ.पा.क. आई, ३) विधवा लक्ष्मीबाई कोम गणपती. याशिवाय इतर वारस नाहीत असे पंचांनी सांगितले.' खाली तलाठ्याची सही, शेजारच्या रकान्यात सर्कलने (मंडळ अधिकाऱ्याने) 'नोटीस बजावली, हरकत नाही, मंजूर' असं लिहून तारीख टाकलेली.

आता या चार ओळीत किती माहिती आहे बघा. वर्दी म्हणजे तलाठ्याला दिलेली खबर. बिन म्हणजे गणपती हा रामजीचा मुलगा, म्हणजे एक पिढी फुकटात मागे मिळाली. कोम म्हणजे बायको, काही भागात भ्रतार लिहितात, आणि मराठवाडा-विदर्भात वलद दिसलं तर ते पण बापाचंच नाव सांगतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, महादू सज्ञान नव्हता म्हणून आई पालक. नोंदीचं साल माहीत आहे आणि वयं दिलीत, म्हणजे दोन्ही मुलांची जन्मसालं अंदाजे काढता येतात. पण इथे सावध राहायचं, वयं अंदाजाने सांगितलेली असतात, आणि वारस नोंद माणूस गेल्यावर लगेच होतेच असं नाही, बऱ्याच घरात दहा-पंधरा वर्षं कुणी वर्दीच देत नाही, मग कर्ज काढायची किंवा वाटणी करायची वेळ आली की नोंद घालतात. तेव्हा नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नका. मजकुरात मयत झाल्याची तारीख वेगळी दिली असेल तरच ती धरा.

आणखी एक खूण म्हणजे ए.कु.क., एकत्र कुटुंब कर्ता. नावापुढे हे दिसलं तर समजायचं की या माणसामागे सातबाऱ्यावर न आलेले भाऊ आहेत. अशा ठिकाणी पुढचा वाटपाचा फेरफार शोधायचा, त्यात सगळे भाऊ, कधी पुतणे, नात्यासकट येतात. जुन्या सातबाऱ्यावर नाव कमी झालं की त्याला कंस करायचे, नव्या नमुन्यात त्यावर आडवी रेघ मारलेली असते. अशी कंस झालेली नावं पण उतरवून घ्या, कारण आपले पूर्वज त्यातच आहेत.

घरातल्या बायकांबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण वंशावळ म्हणून जे झाड आपण काढतो त्यात त्या नसतातच, आणि लोक म्हणतात कागदावर नाहीत म्हणून नाहीत. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येण्याआधीच्या वारस नोंदीत मुलींची नावं सहसा नसतात हे खरं, विधवेचं नाव असतं. पण १९५६ नंतरच्या नोंदीत मुली येतात आणि त्या सासरच्या नावाने येतात, कधी सासरच्या गावासकट, म्हणजे आपल्या आजोबांच्या बहिणी कुठल्या घरात गेल्या ते तिथून कळतं. आणि मग काही वर्षांनी त्याच नंबरावर हक्कसोड पत्राचा फेरफार सापडतो, त्यात बहिणींची पूर्ण नावं, वयं, राहायची गावं सगळं व्यवस्थित लिहिलेलं. जिच्याबद्दल घरात कुणाला काही सांगता येत नाही त्या आत्याआजीचं पूर्ण नाव तिने हक्क सोडला त्या कागदावर मिळतं, हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं. पण कागद आहे तर तिचं नाव झाडात घालायलाच पाहिजे, म्हणून हक्कसोडीचे फेरफार चुकवू नका. नोंदणीकृत हक्कसोड असेल तर त्याचा दस्त नंबर फेरफारात दिलेला असतो, त्यावरून दुय्यम निबंधकाकडे दस्ताची नक्कल मागता येते आणि त्या दस्तात नाती आणखी खोलात येतात.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांनी काय करायचं? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि वंशावळीवर लिहिणारे बरेच जण तो सोडूनच देतात. जमीन नसली तरी कागद असतात, फक्त वेगळ्या कपाटात. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, भूमिहीन माणसाच्या पण. जन्म झाला तर बापाचं नाव, जात, राहायचं गाव, कधी आजोबांचं नाव पण. शाळेचं जनरल रजिस्टर असतं, गावात शाळा जुनी असेल तर ते चांगलंच मागे जातं. फक्त शाळेतल्या जन्मतारखेवर भरवसा ठेवू नका, मास्तरांनी सोयीसाठी १ जून टाकलेली गावागावात शेकडो माणसं आहेत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, घरपट्टीचा, त्यात घर कुणाच्या नावावर होतं ते कळतं. आणि महार वतनाच्या जमिनी होत्या त्या घरांनी १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करण्याच्या कायद्यानंतरचे फेरफार जरूर मागवावेत, वतन खालसा होऊन जमीन पुन्हा दिली गेली तेव्हा वतनदारांची नावं आणि हिस्से त्यात चढलेले असतात.

वतनं होती त्यांच्याबाबत आणखी एक. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्या घरात वतनावरून भांडणं झाली की वंशावळ सरकारात दाखल करावी लागायची, इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे (इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या) तर पुरावा म्हणून ढिगाने कागद आले. हे बरंचसं आज पुणे पुराभिलेखागारात आहे, ज्याला लोक पेशवे दफ्तर म्हणतात. तिथे रुमालात बांधलेले मोडी कागद आहेत. असा कागद घरबसल्या नंबर टाकून डाउनलोड होईल अशी अपेक्षा ठेवू नका, आधी संशोधक म्हणून अर्ज, मग परगणा आणि गावाप्रमाणे रुमाल बघणं, मग नक्कल, असा तो रस्ता आहे. मोडी येत नसेल तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, आणि ज्याला हे काम मनापासून करायचं आहे त्याने मोडी शिकावीच असं माझं ठाम मत आहे, कारण जुने कोतवाल बुक आणि हक्कपत्रकं पण बऱ्याच ठिकाणी मोडीत आहेत, आणि दुसऱ्याकडून वाचून घेताना तो फक्त आपण विचारलेलं वाचतो, शेजारच्या ओळीत चुलत पणजोबा असले तरी ते तसेच राहून जातात.

२०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं जे काम झालं, मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठीची न्यायमूर्ती शिंदे समिती वगैरे, त्याचा एक फायदा सगळ्यांनाच झालाय. दप्तरं उघडली गेली, स्कॅन झाली, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या साइटवर तालुका-गावाप्रमाणे नोंदींच्या पीडीएफ चढल्यात. त्या दाखल्याशी तुमचा काही संबंध नसला तरी आपल्या गावाची फाइल उघडून बघा, एका पानावर शेजारपाजारच्या चार घरांच्या नोंदी असतात.

गोव्याची मंडळी असतील तर त्यांचा रस्ता वेगळा आहे आणि एका अर्थी सोपा आहे, कारण तिथे पोर्तुगीजांनी १९१४ पासून नागरी नोंदणी सगळ्यांसाठी लावली, जन्म, लग्न, मृत्यू तिन्ही. नोंद पोर्तुगीज भाषेत असते पण साचा ठरलेला असतो, बाप, आई, आणि बऱ्याचदा दोन्हीकडचे आजी-आजोबा, म्हणजे एका जन्मनोंदीत तीन पिढ्या. ती नोंद ज्या तालुक्यात झाली तिथल्या नागरी नोंदणी ऑफिसकडे किंवा पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे मागायची.

घरातलं कुणी पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होतं आणि परत आलं नाही अशी आठवण असेल तर कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाची साइट बघा, फुकट आहे. तिथे नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि फार वेडंवाकडं असतं, त्यामुळे नावापेक्षा रेजिमेंट निवडून शोधा. काही नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो आणि त्यावरून परत सातबाऱ्याकडे येता येतं. मॉरिशसच्या मराठी लोकांसाठी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची (करारावर नेलेल्या मजुरांची) रजिस्टरं आहेत, तिथे प्रत्येकाला एक नंबर दिलेला असायचा आणि नंबर सापडला की जहाज, बापाचं नाव, गाव, जिल्हा मिळायची शक्यता असते. इकडे गावात 'आमच्यातला एक मिरीच देशात गेला' अशी गोष्ट सांगतात, तो बहुतेक हाच प्रवास.

डाउनलोड केलेल्या फाइलबद्दल शेवटचं. ती बिनसहीची असेल तर माहितीसाठी ठीक आहे, पण कोर्ट, जात पडताळणी, वारस दाखला यासाठी प्रमाणित नक्कलच लागते, आणि तिच्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी स्टॅम्प लावून नक्कल अर्ज द्यायचा. अर्जात 'आमच्या पणजोबांचे कागद मिळावेत' असं लिहिलं तर तो परत येईल किंवा पडून राहील. 'मौजे अमुक, तालुका तमुक, गाव नमुना ६, फेरफार क्रमांक इतका, साल इतकं, याची प्रमाणित नक्कल मिळावी' असं लिहा आणि सोबत डाउनलोड केलेल्या पानाची झेरॉक्स जोडा, म्हणजे रेकॉर्डकीपरला कपाट, रजिस्टर आणि पान तिन्ही कळतं. नोंद सापडत नाही असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. आणि फोनमध्ये फाइल सेव्ह करताना तिचं नाव बदलून गाव, नमुना, नंबर, साल असं ठेवा, कारण साइटवरून येणाऱ्या फाइलच्या नावावरून काहीच कळत नाही आणि पुढच्या वर्षी पुतण्याने विचारलं की हे नाव कुठून काढलंत, तर पान दाखवता आलं पाहिजे.